धुरीच्या खोलीतली शेवटची मांडी

मित्रांनो, चुलीमागच्या खिळ्याला जाड दांड्याचा काळाकुट्ट बिडाचा तवा टांगलेला दिसतोय ना? तोच मी. अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरात, व्हर्डी आजींच्या स्वयंपाकघरात माझी साठ वर्षं गेली.

वाळूच्या साच्यातून निघालो तेव्हा मी करडा आणि खरबरीत होतो. माझ्यावर काहीही टाकलं तरी चिकटायचं. नवी नवरी व्हर्डी हिने मला चरबी चोळून चोळून कितीदा तापवलं, तेव्हा कुठे ही तुकतुकी आली.

माझा मानाचा दिवस रविवार. आजींचे यजमान हॉबर्ट दर डिसेंबरात डुकराची मांडी मीठ, तांबडी साखर आणि मिरपूड चोळून मुरवत आणि मग धुरीच्या खोलीत टांगत. तिथे लाकडाची धुरी देऊन ती वर्षभर पिकवायची. वरून हिरवी बुरशी धरायची. हॉबर्ट म्हणायचे, "ती मांडीची दाढी आहे. दाढी फुटली नाही तोवर पोरच समजायचं!" मग ती बुरशी ब्रशने घासून काढायची, काप रात्रभर पाण्यात ठेवून खारटपणा उतरवायचा आणि सकाळी ते माझ्यावर परतायचे. काप निघाले की तळाला चिकटलेल्या खरपुडीवर आजी कडक काळी कॉफी ओतत. चर्रर्र! त्या वासाने हॉबर्ट अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून टेबलाशी येत. ती पातळ, तांबूस ग्रेव्ही गरम, पावासारख्या मऊ बिस्किटांवर ओतून दोघं खात.

वसंतात हॉबर्ट गेले. त्यांच्या हातची एकच मांडी आकड्याला उरली होती.

"वर्ष भरल्याशिवाय सुरी लावायची नाही," आजी स्वतःलाच बजावत. मीही दिवस मोजू लागलो. हॉबर्टांच्या हातची ती चव आणखी एकदा माझ्या अंगाला लागावी, एवढंच मला हवं होतं.

शरदात शिकागोहून नात कोरीन आजींच्या सोबतीला आली. मोठी कामसू पोर! तिने घर लख्ख केलं. डिसेंबर लागला तशी आजी सुरी घेऊन धुरीच्या खोलीत गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या.

"कोरे, तिथली मांडी कुठंय गं?"

"ती? अगं आजी, हिरवीगार झाली होती! कचऱ्याच्या पिंपात घालून जाळली मी. तू खाल्ली असतीस तर?"

"साठ वर्षं खातेय मी. मेलेय का?"

"म्हणजे... ती चांगली होती?"

"तुझ्या आजोबांची होती."

कोरीन खुर्चीत बसली आणि हुंदके देऊ लागली. आजींनी सुरी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "विचारायचं होतंस गं बाई. मी काय लांब होते? इथेच तर होते."

दुसऱ्या दिवशी कोरीनने खाटकाकडून ताजी मांडी आणली.

"शिकव मला."

"वर्ष लागतं."

"मी थांबेन, आजी."

"तू थांबशील गं. मला थांबता आलं पाहिजे."

तरीही दोघींनी बाह्या सरसावल्या. "हाडाजवळ जास्त मीठ. तिथूनच नासते. अजून घाल, कंजूसपणा नको!" आजींचा आवाज कित्येक महिन्यांनी चढलेला मी ऐकला.

मित्रांनो, वर्षभर टिकावी म्हणून कोणीतरी हाताने केलेली वस्तू तुमच्याही घरात असेल. ती तुम्हाला कुजकी, काळी, निकामी वाटेल. टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. ते शेजारच्याच खोलीत असतं आणि कोणी विचारावं म्हणून वाट बघत असतं.

सहा महिने झाले. नव्या मांडीला बुरशी धरू लागली आहे. आजी काठी टेकत रोज एकदा तिला बघून येतात. कोरीन आठवड्यातून एकदा माझ्यावरून चरबीचा हात फिरवते. मी कोरडा आहे, तयार आहे.

डिसेंबरा, जरा लवकर ये रे.