आईच्या कानातली पोकळ जाळी

मी एक जाळी बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण मी एका म्हाताऱ्या बाईंच्या उजव्या कानात बसलेय आणि माझं बोलणं त्यांना ऐकू जातं. आज ते जाऊ नये, असं मला फार वाटतंय.

मी तांदळाच्या कणीएवढी. वजन म्हणाल तर नसल्यातच जमा. प्रयोगशाळेत माझ्याजवळ कोणी मोकळा श्वाससुद्धा घेत नसे. तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणत, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावायचे, "शिंकायचं त्यानं बाहेर जाऊन शिंकावं. नाहीतर महिनाभर फरशी हुडकत बसाल."

माझा जन्म काही सरळ नाही. आधी प्रकाशाच्या बारीक टोकाने प्लॅस्टिकचा एक सांगाडा घडवला गेला, नुसत्या आडव्या-तिरक्या काड्या आणि गाठी. त्यावर धातूचा पातळ थर चढवला. तो थर म्हणजे मी. मग एका कडेला छेद दिला आणि आतलं प्लॅस्टिक हळूहळू जाळून काढलं. ज्याच्या अंगावर मी वाढले, तो दोन दिवस माझ्या आत जळत होता. शेवटी राख नाही, वास नाही. त्याचा आकार तेवढा उरला आणि तोही माझ्याच नावावर गेला. कधी कधी मला शंका येते, की हे बोलणारी मी नाहीच. तोच आहे.

मला घडवणाऱ्या मॅडम म्हणजे या म्हाताऱ्या बाईंची लेक, म्हणून मीही बाईंना आईच म्हणते. आईंचा डावा कान आधीच गेला होता आणि उजव्या कानातलं एक हाड आजाराने खाल्लं होतं. नऊ वर्षं त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे. त्या हाडाच्या जागी बसेल अशी हलकी आणि टणक वस्तू मॅडमना हवी होती. जाड भिंतीच्या जाळ्या त्यांनी आधी करून पाहिल्या. यंत्राच्या पट्टीखाली दाबल्या की त्यांचा चुरा व्हायचा. मग भिंत पातळ करत करत त्या माझ्यापर्यंत आल्या.

काकांचा एक नियम होता आणि तो कधी चुकला नव्हता. चुरा झाला ती दाबलेली, लाल झाकणाच्या डबीत. उभी दिसली ती नवी, पांढऱ्या झाकणाच्या डबीत.

माझी पाळी आली तेव्हा पट्टी खाली आली आणि मला निम्म्यावर आणलं. गाठीगाठीत बारीक भेगा गेल्या. पट्टी वर गेली आणि मी पुन्हा उठून उभी राहिले, जणू काही घडलंच नाही. इतकी पातळ भिंत मोडत नाही, वाकते आणि परत येते. मॅडम स्वतःशीच हसल्या. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आई मोठ्याने बोलत होत्या, "हॅलो, अगं बोल ना, काही ऐकू येत नाही." मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या. काका आले, त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. मी उभी. त्यांनी मला अलगद उचललं आणि पांढऱ्या झाकणाखाली ठेवलं.

मॅडमना वाटलं, काकांनी मला लाल डबीत टाकलं असणार. पंधरा दिवसांनी कानाच्या डॉक्टरांनी पांढऱ्या डबीतून एक जाळी उचलली. ती मी होते.

शस्त्रक्रियेनंतर आईंच्या कानावरचं बँडेज निघाल्यावर पहिल्यांदा मॅडम सवयीने ओरडल्या. आईंनी हात वर केला. "हळू बोल गं. तुझा आवाज असा आहे होय? मी विसरूनच गेले होते." मॅडमनी तोंड फिरवून डोळे पुसले. मलाही भरून आलं, जरी माझ्यात भरायला काही नाही.

पण प्रत्येक आवाज माझ्यावर दाब देतो. दार आपटलं की एक भेग वाढते. मी आपोआप कुरकुरू लागले आणि कुरकुरीचं हळूहळू बोलणं झालं.

एका सकाळी टॉवेलांच्या घड्या घालताना आई म्हणाल्या, "माझ्या कानात कोणीतरी बोलतंय."

"सुरुवातीला आवाज येतातच, आई."

"आवाज नव्हे गं. बोलणं. म्हणतं, मला आधी एकदा दाबलंय."

मॅडमच्या हातातली घडी तशीच राहिली. दाबण्याबद्दल त्या घरात कधी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

त्या तडक प्रयोगशाळेत गेल्या. तिथे लाल डबीत जितक्या जाळ्या हव्या होत्या, त्यात एक कमी निघाली. काका म्हणाले, "तुम्ही बाहेर गेलात तेव्हा ती उभीच होती की हो." मग त्यांनाच उमगलं आणि ते स्टुलावर बसले. मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

उद्या सकाळी डॉक्टर मला काढणार आहेत. कान दुसऱ्यांदा उघडल्यावर दुसरी जाळी तिथे बसेल की नाही, याची खात्री ते देत नाहीत. आई म्हणाल्या, "उद्याचं उद्या. आजचा दिवस तू माझ्याशी बोल."

म्हणून दुपारपासून मॅडम त्यांच्या शेजारी बसून बोलताहेत. लहानपणी हरवलेल्या चपलेबद्दल, नोकरीच्या पहिल्या दिवसाबद्दल, नऊ वर्षं ओरडून सांगता न आलेल्या कितीतरी गोष्टींबद्दल. अगदी हलक्या आवाजात. तरीही त्यांच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला माझी एक गाठ सुटते. मी मोजत होते, आता मोजणं सोडलंय.

तुम्हाला एकच सांगते. माझ्यानंतर जी जाळी येईल, ती उभी दिसली म्हणून धड आहे असं समजू नका.

मी तक्रार केली तर आई लेकीला लगेच थांबवतील. म्हणून मी तुमच्याशी बोलतेय, त्यांच्याशी नाही. अजून सातेक गाठी शाबूत आहेत आणि मॅडमचं बोलणं आता कुठे त्यांच्या वडिलांपर्यंत आलंय.

मघाशी आईंनी कानावर हात ठेवला आणि पुटपुटल्या, "काय गं, आज गप्प का? ठीक आहेस ना?"

मी काही बोलले नाही.