मेहुण्याच्या शर्यतीचा गिअरबॉक्स

"हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा तर अजून बसलेला नाही," भंगारवाले काका म्हणाले आणि त्यांनी टेबलावरची ताडपत्री अशी अलगद ओढली, जणू खाली नवरी बसली आहे.

खाली गिअरबॉक्स होता. मिस्त्रीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. दोघांपैकी कुणावर आधी संशय घ्यावा हे त्यांना ठरवता येईना.

बाईंच्या वर्कशॉपमध्ये वडिलांच्या मागे राहिलेली एक बुटकी, दोनच माणसांची जुनी स्पोर्ट्‌स कार उभी होती. तिचं इंजिन सीटच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, ऐन मध्यात. अशा गाडीला कुठलाही गिअरबॉक्स चालत नाही. गिअर आणि चाकं फिरवणारं डिफरन्शियल एकाच खोक्यात असलेला ट्रान्सअ‍ॅक्सल लागतो, आणि तो बनवणारा कारखाना बाईंच्या लग्नाआधीच बंद पडला होता. मूळ खोकं तडकलं, आतल्या दातांचा भुगा झाला. तेव्हापासून बाई भंगाराची दुकानं पालथी घालत होत्या, आणि भागीदार असलेला धाकटा भाऊ टपून बसला होता. त्याला गाडीचा मागचा भाग कापून विजेची मोटर बसवायची होती. "ताई, आज रिकाम्या हातानं आलीस तर मी कटर चालू करतो," त्यानं सकाळीच बजावलं होतं. एकदा सांगाडा कापला की वडिलांची गाडी संपली.

हे काकांना कळता कामा नये, म्हणून बाई चेहऱ्यावर कंटाळा पांघरून उभ्या होत्या.

"रंग ओला आहे," त्या म्हणाल्या. बोटावर चंदेरी ठसा आला होता.

"हवाच दमट आहे हो."

"आणि नंबर कुठं गेला? इथं कानस मारलीय."

"कानस? छे! वेगानं झिजलाय तो." काकांच्या जिभेला मुळातच हाड नव्हतं. "ताई, हा साधासुधा डबा नाही. माझ्या मेहुण्याच्या शर्यतीच्या गाडीतला आहे. तुमच्यासारखीच गाडी, इंजिन मध्ये. शेवटच्या वळणावर त्यानं असा गिअर टाकला, असा टाकला, की गाडी पुढं गेली आणि मेहुण्याची सावली वळणावरच राहिली. दुसऱ्या दिवशी धापा टाकत घरी आली बिचारी."

"मागच्या गिऱ्हाइकाला सांगितलं तेव्हा संध्याकाळीच आली होती," कोपऱ्यात नटबोल्ट निवडत बसलेल्या काकू मान वर न करता म्हणाल्या.

"तू बोल्ट मोज!"

बाई हसल्या नाहीत. सावलीचं जाऊ दे, पण शर्यत खरी असली तर? शर्यतीत पिळून काढलेला गिअरबॉक्स म्हणजे निव्वळ चिपाड. वरून चकचकीत, आत दातांच्या कडा उडालेल्या. तो गाडीत घालायचा आणि पहिल्याच चढावर भावाचं "बघ, मी म्हणत होतो ना" ऐकायचं. काका मेहुण्याला जसजसे हरभऱ्याच्या झाडावर चढवत गेले, तसतसं बाईंचं काळीज खाली खाली जाऊ लागलं.

"झाकण उघडते," त्यांनी पाना उचलला.

"अहं! कंपनीचं सील आहे, मोडायचं नाही."

सील म्हणजे लाल गोंद होता. त्याचा वास अजून नाकात जात होता. पाणी मुरत होतं हे नक्की. कुठं, एवढंच कळत नव्हतं.

फोन वाजला. "मिळाला का?" भावानं विचारलं. मागे कटरचा घरघराट ऐकू येत होता. मुद्दाम ऐकवत होता मेला.

"थांब," बाई म्हणाल्या आणि फोन चालूच ठेवून टेबलावर टाकला.

झाकण उघडायचं नाही, पण हात लावायला तर बंदी नाही! त्यांनी गिअरबॉक्स आपल्या गाडीत बसेल तसा फिरवून ठेवला, इंजिनाकडचा दांडा पुढे. पहिला गिअर टाकला. मग इंजिन फिरतं त्याच दिशेला तो दांडा सावकाश फिरवत चाकांचे दांडे जोडतात त्या दोन्ही बाजूंच्या चकत्यांवर नजर लावली. कान खोक्याला टेकवला. आत खरखर नाही, कटकट नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरत होता. चकत्या हळूहळू वळल्या. बाईंनी पुन्हा फिरवून पाहिलं. दुसरा गिअर, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी तेच.

त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा कुठल्या कुठे पळाला. त्यांनी फोन उचलला. "कटर बंद कर आणि जागेवर ठेव. घेऊन येतेय."

"अगं, पण चांगला आहे का?"

"हातात आल्यावर बघ," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काका फुलून गेले. "घेताय ना? शर्यतीतला माल लगेच ओळखलात! मेहुण्याला आजच कळवतो, त्याची गादी योग्य हातात गेली म्हणून. अहो, पहिला नंबर आला होता त्याचा. सगळ्यांच्या पुढे!"

"काका," बाई चकती पुसत म्हणाल्या, "हा मागच्या इंजिनाच्या कुठल्यातरी घरगुती गाडीतला आहे, आणि मालकानं अगदी जपून चालवलाय. मध्ये इंजिन असलेल्या गाडीत तो उलटा फिरवून बसवावा लागतो, आणि मग आतलं क्राउन, म्हणजे चाकं फिरवणारं मोठं दातेरी चक्र, काढून दुसऱ्या बाजूला लावावं लागतं, नाहीतर चाकं उलटी फिरतात. ते मी करीन. तुमच्या मेहुण्यानं काही केलेलं नाही, क्राउन आहे तिथंच आहे; आत्ता चारही गिअरला चकत्या उलट्याच फिरल्या. म्हणजे शर्यतीत त्याच्याकडं मागं जायचे चार गिअर होते आणि पुढं जायचा एकच! पहिला कसा काय आला हो तो?"