झाकण लावल्यावर मला विचारा

मित्रांनो, नाव ऐकून पळू नका. मी एक जुना स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आहे. रेडिओच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. त्या मी पडद्यावर हिरव्या रेषेने दाखवतो. जिथे लहर, तिथे रेषेला टोक.

कारखान्यातून प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझा काय थाट होता! हात पुसल्याशिवाय कुणी माझ्या बटणांना शिवत नसे. पुढे पुढे "आधी म्हाताऱ्याला विचारा" असं म्हणू लागले. तेही मला आवडायचं, उगाच कशाला लपवू?

मग ताई आली, रेडिओ बनवणारी इंजिनिअर. तिचा धाकटा भाऊ मासेमारीच्या बोटीवर असतो. त्याच्यासाठी ती लांब समुद्रातही चालेल असा रेडिओ बनवत होती. तेव्हाच प्रयोगशाळेच्या साहेबांनी ठरवलं की माझी दुरुस्ती नको, सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घेऊ. ते हुशार प्रकरण आहे, बरं का! रेडिओ बनवायच्या आधीच तो कसा चालेल ते गणित करून सांगतं. पण जेवढं चित्र काढून द्याल तेवढंच त्याला ठाऊक.

ताईने चित्र काढलं, रेडिओच्या डब्याचं झाकण तेवढं राहिलं. उघड्या डब्यात आतलं नीट दिसतं, म्हणून ही मंडळी झाकण शेवटी ठेवतात आणि विसरतात. उत्तर झकास आलं.

खरा रेडिओ तयार झाल्यावर तिने तो मला जोडला. झाकणाचे स्क्रू आवळले आणि माझ्या पडद्यावर नको तिथे दुसरं टोक उभं राहिलं. बंद डब्यात लहर कोंडून घुमत होती.

"साहेब, हे कसलं टोक?"

साहेबांनी माझ्या कपाळावरचा स्टिकर पाहिला. तपासणीची मुदत संपलेली. "अगं, तो आता काहीही बरळतो. कॉम्प्युटरवर दिसतंय का ते?"

"नाही."

"मग झालं तर!"

अहो, मला तोंड असतं तर ओरडलो असतो! जीव खाऊन ते टोक धरून ठेवलं. ताईच्या कपाळाला आठी पडली, पण तिने बटण बंद केलं. फार वाईट वाटलं मला.

आता मी कपाटात आहे, वायर गळ्याभोवती गुंडाळलेली. आज भाऊ नवा रेडिओ घेऊन समुद्रात गेलाय, तसाच दुसरा इथे ताईच्या टेबलावर आहे, आणि वारा सुटलाय. दाराआडून सगळं ऐकू येतंय.

"ऐकू येतंय का रे? कुठे आहेस तू?"

नुसती खरखर.

"सॉफ्टवेअरमध्ये तर सगळं ठीक आहे," साहेब म्हणतायत.

मित्रांनो, नवं जरूर घ्या. पण जुन्याला कपाटात टाकण्याआधी तो काय दाखवतोय ते एकदा नीट बघा. माझं सोडा, मला बाहेर काढू नका हवं तर. पण तुमच्यापैकी कुणाचा आवाज तिच्यापर्यंत पोचत असेल तर तिला एवढं सांगा: ताई, तुझ्याच डब्यातली लहर त्याचा आवाज गिळतेय. झाकण काढ गं. तो बोलतोय.