तुटेल असं दार

बाबांच्या खोलीचं दार शेजारच्या रुपरावकाकांनी आणि गल्लीतल्या आणखी दोघांनी लोखंडी सब्बल घालून तोडलं होतं. बाबांची तेरवी होईपर्यंत ते ओसरीत भिंतीला टेकून उभं होतं आणि मोकळ्या चौकटीत आईची जुनी साडी पडद्यासारखी लोंबत होती. पाहुणे गेले आणि मी आधी त्या दाराचं काम काढलं.

एका मिस्त्रीने फोनवरच सांगितलं, जुनं काम करत नाही, नवीन बसवून देईन. दुसरा ‘आता निघालो’ म्हणाला आणि आलाच नाही. शेवटी रुपरावकाकांनीच जरीपटक्याच्या ताराचंद सुताराचा नंबर दिला. तो आला, दारावरून हात फिरवला आणि म्हणाला, “ताई, हे तं सागवान आहे. इतकी जाड फळी आता कोण लावते? याले तोडलं कोणं, रोडरोलरनं?”

“माणसांनी.” का तोडलं, ते मी सांगितलं नाही.

“मंग मानलं बा त्या माणसाइले.”

हे दार आजोबांच्या हातमागाच्या लाकडाचं होतं. पाचपावलीतल्या याच घरात आजोबा लुगडी विणायचे. यंत्रमागांपुढे हातमागाचं चालेना म्हणून बाबांनी वीज मंडळात नोकरी धरली. आजोबा गेल्यावर माग मोडला, तेव्हा त्याचं लाकूड त्यांनी विकू दिलं नाही. त्याचं दार करून घेतलं. मागाच्या खांबांना असलेली भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवली होती, आणि रंगाखालूनही ती गोल गोल दिसत. घरी कोणी आलं की बाबा दारावर मूठ आपटून दाखवत. “हत्तीच्यानं तुटणार नाही,” म्हणत.

मला ते ठेवायचं होतं. बाबांचे कपडे वाटून झाले होते. बाकी त्यांचं म्हणावं असं घरात फारसं उरलं नव्हतं.

“फाटलेली फळी जोडून देतो,” ताराचंद म्हणाला. “मागून लोखंडी पट्टी, वरून नवीन कडी. तुमचे नातू म्हातारे होतीन तरी हे दार इथंच राहीन.”

“करा मग,” मी म्हणाले.

“लावू नको,” आतून आई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दाराशी मेथी निवडत बसली होती.

“काय म्हणतेस, आई?”

“ते दार लावू नको. घेऊन जा म्हणावं त्याले.”

“बाबांचं आहे ते.”

“म्हणूनच म्हणून राहिली.”

ताराचंदला राहवलं नाही. “काकू, लोकं असं लाकूड जुन्या बाजारात शोधून राहिले, अन् तुम्ही फेकाले निघाल्या?”

“तं तू ने. तुह्या घरी लाव.” आईचा हात मेथीवर थांबला. “नाही, थांब. तुह्या घरी म्हातारं माणूस आहे का?”

“माय आहे.”

“तं लावू नको.”

बाबा गेले त्या दुपारी ते नेहमीसारखे आतून कडी लावून झोपले होते. मांजर आत येते म्हणून त्यांना ही सवय. खिडकीत कूलर बसवलेला, त्यामुळे बाहेरून आत डोकावायला जागा नव्हती. चहाच्या वेळी आईने हाक मारली, तेव्हा तिला कूलरच्या घरघरीतून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. ती दार ठोकत राहिली. मग रुपरावकाका धावून आले, मग आणखी दोघं, मग सब्बल. कडी तुटत नव्हती, बिजागरी ढिली होत नव्हती. शेवटी दार फाटलं, तेव्हा बाबा पलंगाच्या बाजूला फरशीवर पडलेले होते. दवाखान्यात डॉक्टर रुपरावकाकांना म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. आई काकांच्या मागेच उभी होती. हे सगळं मला काकांनी सांगितलं. आईने त्या दुपारबद्दल एक शब्दही काढला नव्हता.

ती उठून ओसरीत आली.

“मले हलकं दार पाहिजे,” ती ताराचंदला म्हणाली. “मी एकटीनं धक्का मारला तं तुटलं पाहिजे.”

तो हसला. “काकू, दार कोणी तुटाले बनवते का? चोराले आवतण द्याचं आहे का?”

“चोराले जे न्याचं ते नेऊ दे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराच्या फाटलेल्या कडेकडे. त्याचं हसू गेलं.

“आई, बाबा तर आता...” मी म्हणाले. “त्या खोलीत कोण झोपणार आहे?”

“तू झोपते ना. पडदा आहे म्हणून तुहा श्वास ऐकू येते मले.”

“मग कडीच नको लावायला.”

“कडी तं माणूस लावतेच, चारू.”

मी ताराचंदला म्हणाले, “ती म्हणते तसं करा.”

दुसऱ्या दिवशी त्याने प्लायवूडचं पोकळ दार आणलं. “मी लावलं म्हणून कोणाले सांगू नका,” असं मला हळूच म्हणाला. आईने त्याला बारके स्क्रू लावायला लावले, कडीही सर्वांत लहान. जुनं दार मात्र दार म्हणून न्यायचं नाही, चिरून न्यायचं, असं तिने बजावलं. तो अंगणात करवत चालवत होता तेव्हा मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

काम संपलं. ताराचंद हत्यारं आवरू लागला.

“चारू, आत जा,” आई म्हणाली. “कडी लाव. अन् कूलर लाव.”

“आई, कशाला?”

“जा वं.”

मी आत गेले. कडी लावली, कूलर सुरू केला. बाहेरून थाप पडली. “चारू!” मग पुन्हा, “चारू!” मग काही वेळ फक्त थापा आल्या, दोन्ही तळहातांच्या.

“अहो,” ती म्हणाली. “अहो, उघडा ना. हात लांब करा जरासा. कडी काढा.”

कडी माझ्या हाताशी होती. मी तिला हात लावला नाही. कूलरच्या आवाजात तिचं एकेक अक्षर ऐकू येत होतं. बाबांनाही येत असणार. हे तिला कधी सांगायचं नाही, असं मी तिथे उभ्या उभ्या ठरवलं.

पहिला धक्का बसला. दुसऱ्या धक्क्याला स्क्रू उपसले, दार धाडकन आत आलं आणि त्यासोबत आई. मी तिला धरलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पलंगाच्या बाजूला खाली, मोकळ्या फरशीकडे पाहत होती.

“उघडलं,” ती म्हणाली. “उघडलं हो.”

मी कूलर बंद केला. ती फरशीवर बसली आणि त्या दुपारनंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली. मी तिच्याजवळ बसले.

ताराचंद चौकटीबाहेर उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “काकू, आता जरा मजबूत लावू?”

“नाही,” आई पदराने तोंड पुसत म्हणाली. “असंच लाव बाबू.”