रिकामा खिळा

२०२२ सालची मार्गळी, म्हणजे तमिळ मार्गशीर्ष. अण्णा नगरच्या आमच्या दारापुढचे पिठाच्या रांगोळीचे कोलम अजून ओले होते आणि माझी भाची हरिप्रिया ओट्यावर लॅपटॉप ठेवून फोनवर म्हणत होती, "नाही अनय, मी सही करणार नाही."

अनय तिचा मॅनेजर, मूळचा पुण्याचा. फोन स्पीकरवर होता.

"अगं, महिन्यात एकदाच आलाय तो दोष. डिस्कला तीस सेकंदांऐवजी दोन मिनिटं दे. मग दिसायचाही नाही."

"दिसणार नाही, पण राहील ना तिथंच."

"शुक्रवारी डिलिव्हरी आहे. तू अडलीस तर सही दुसरं कुणी करेल, आणि पुढं या टीममध्ये तू नसशील. बघ."

फोन बंद झाला. मी डबऱ्यात, कॉफीच्या पसरट वाटीत, कॉफी ओतली. "काय ग झालं? मला कळेल असं सांग."

"आत्या, इस्पितळातलं स्कॅन डिस्कवर लिहायचं असतं. आमचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्राम, प्रत्येक मागणीला नंबर लावून ती डिस्ककडे पाठवतो. समज, सतरा. डिस्क अडकली, तर हा वाट बघून ती मागणी सोडून देतो आणि सतरा नंबर पुढच्या स्कॅनला लावतो. मग डिस्कचं जुनं उत्तर उशिरा येतं, सतरा झालं म्हणून. याला वाटतं, नवं स्कॅन लिहून झालं. ते लिहिलेलंच नसतं, आत्या. कुणाचं तरी स्कॅन गेलं."

मी चौतीस वर्षे इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसले होते. रुग्णाला पितळी बिल्ला द्यायचा, तपासणी झाली की तो परत घेऊन खिळ्याला टांगायचा. कुणी पुकारूनही आले नाही की आमचे हेडक्लार्क शेषगिरी म्हणायचे, "चिठ्ठीवर तोच नंबर लिहा, पुढच्याला द्या." मी दिला नाही. दोनदा बदली झाली, दोन्हीदा परत त्याच खिडकीवर आले.

"डिस्कनं बिल्ला परत दिला का?" मी विचारले.

हरिप्रिया हसली. "तेच तर. डिस्कनं 'सोडलं' म्हटल्याशिवाय नंबर मोकळा करायचा नाही. अकरा ओळी लिहिल्यात मी. पण सगळी चाचणी परत करावी लागेल, म्हणून त्यांना नकोत."

"मग? सही करणार?"

तिने मुद्दाम डिस्क अडकवून हरवलेल्या स्कॅनचा पुरावा काढला होता. तो चाचणीच्या अहवालाला जोडला, 'मान्य'च्या चौकटीत 'अमान्य' लिहिले आणि टीममधल्या सगळ्यांना पाठवून दिला.

"पोदुम, पुरे झालं," मी म्हटले. "आता कॉफी पी."

सही अनयने केली. चार महिन्यांनी त्या अकरा ओळी दुसऱ्याच्या नावाने ड्रायव्हरमध्ये गेल्या. अनय बढती घेऊन पुण्याला परतला. हरिप्रिया आता तांबरमच्या कॉलेजात शिकवते आणि मुलांना पहिल्याच दिवशी डिस्क अडकवायला लावते. शेषगिरी गेले. खिडकीवर कॉम्प्युटर आला.

माझ्या खिडकीवरून एकेचाळीस नंबरचा बिल्ला घेऊन एकदा एक म्हातारी पाणी प्यायला गेली होती. ती परत आली नाही. मी निवृत्त झाले, त्या दिवशीही एकेचाळीसचा खिळा रिकामा होता.