पांढरा दोरा म्हणजे पाणी

साहेब, निंगप्पाचे डोळे तुम्ही घालवलेत. तुमच्या अहवालात मात्र 'हमालाच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं आहे. ते खोटं आहे, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. तो अहवाल टाइप करायला माझ्याकडंच आला होता. मी मुकाट्यानं केला. निंगप्पानं तुमच्याकडं एकच गोष्ट मागितली आहे. रसायनशाळेत काचसामान धुवायला परत घ्या. चार महिने झाले, तुम्ही हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही.

तुम्ही गेल्या जूनमध्ये प्रिन्सिपॉल होऊन आलात. त्याआधीचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, ते ऐका.

इंटर सायन्सचे वर्ग उघडले तेव्हा रसायनाला एक प्रोफेसर, एक डिमॉन्स्ट्रेटर, एक हमाल आणि एक कारकून, म्हणजे मी, असं कागदावर ठरलं. डिमॉन्स्ट्रेटर सोलापुरात टिकत नाहीत. एक उन्हाळ्याला कंटाळून गेला, दुसऱ्याला पुण्यात जागा मिळाली. मग मी वेळापत्रकात त्या नावाच्या जागी रेघ ओढायला लागलो. त्या रेघेचं काम निंगप्पा करायचा.

अक्कलकोटकडचा धनगर. घरी कानडी, आमच्याशी मराठी. सकाळी नळाला पाणी असेल तेवढ्यात पिंपं भरायची, ते उकळून वाफेचं पाणी धरायचं, द्रावणं करायची, आणि दुपारी चोवीस पोरांच्या मागं उभं राहायचं. एखादा नळीत नाक घालायला लागला की ओरडायचा, "ए दादा, तोंड मागं घे! सासुरवाडीची बासुंदी हाय व्हय ती?"

त्याला वाचता येत नव्हतं. पण त्याची बायको म्हाळसाबाई गिरणीत सुताच्या खात्यात होती. ती तुटक्या रंगीत दोऱ्यांचे तुकडे आणायची आणि हा ते बाटल्यांच्या गळ्यात बांधायचा. लाल दोरा म्हणजे जळतंय. पिवळा म्हणजे हुंगायचं नाही. काळा म्हणजे विष. पांढरा म्हणजे पाणी. प्रत्येक बाटलीची जागाही ठरलेली. पोरंसुद्धा लेबल वाचायच्या आधी दोरा बघायची. नऊ वर्षांत त्या खोलीत एका पोराच्या अंगठ्याला फोड आला, बाकी काही नाही.

मग फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती यायची ठरली. वर्गांची मान्यता तिच्या हातात. तुम्ही आदल्या दिवशी रसायनशाळेत आलात, मांडणीपुढं उभे राहिलात, आणि तुमचा चेहरा बदलला.

"हे गंडे कुणी बांधले?"

निंगप्पा हसला. "गंडे न्हाईत साहेब. खुणा हाईत."

"विज्ञानाच्या खोलीत गंडेदोरे! समितीला काय सांगू मी? आमची रसायनशाळा भुतांना भिते?"

"भुतास्नी न्हाय भीत साहेब. पोरास्नी भितोय."

मी हसलो, साहेब. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्या टेबलावरची कात्री उचललीत आणि पहिला दोरा स्वतः कापलात. उरलेले त्याला कापायला लावलेत. तो कापत होता आणि सांगत होता, "साहेब, लाल तेवढा ऱ्हाऊ द्या की. लालच तेवढा." तुम्ही म्हणालात, "लेबलं कशासाठी असतात?" मग मला नवी लेबलं लिहायला बसवलंत, इंग्रजीत, वळणदार अक्षरात. ए-बी-सीच्या क्रमानं सगळ्या बाटल्या नव्यानं लावल्या. छापील मोठी अक्षरं निंगप्पाला आकारावरून थोडीफार कळायची. माझं ते तिरकं, देखणं अक्षर त्याला कसं कळणार? हे मला कळत होतं. मी बोललो नाही. माझं अक्षर चांगलं आहे म्हणालात ना तुम्ही, त्यातच मी खूष.

दुसऱ्या दिवशी दुपारी समिती बाहेर व्हरांड्यात तुमच्याशी बोलत होती. वेळापत्रकात रेघेच्या जागी तुम्ही कुणाचंसं नाव घातलं होतं. आत निंगप्पा कॉस्टिक सोडा विरघळवत होता. तो विरघळला की तापतो. त्यात आणखी पाणी हवं होतं. नऊ वर्षं जिथं पाण्याची बाटली असायची तिथं त्यानं हात घातला. तपकिरी बाटल्या सगळ्या सारख्याच. तिथं आता गंधकाचं तेजाब होतं, सल्फ्युरिक ॲसिड. त्याला वास नसतो. ते पाण्याहून जड, पण बाटली अर्धीच होती, त्यामुळं हातालाही फरक कळला नाही. त्यानं ओतलं.

बीकरमधलं सगळं उसळून त्याच्या तोंडावर आलं.

"नीरु! नीरु!" तो ओरडला. कानडीत पाणी. एवढ्या वर्षांत तो आमच्याशी कानडीत कधी बोलला नव्हता. नळ कोरडा. पिंपं तुम्हीच मागच्या अंगणात हलवलेली, समितीला दिसू नयेत म्हणून. माझ्यासमोर चाळीस बाटल्या होत्या आणि त्यातली पाण्याची कुठली, हे मला माझंच अक्षर वाचून शोधावं लागलं. शेवटी एका पोरानं व्हरांड्यातला प्यायचा माठ उचलून आणला आणि त्याच्यावर उपडा केला. तोवर उशीर झाला होता.

समितीनं मान्यता दिली. पुढच्याच आठवड्यात तुम्ही अहवाल लिहिलात.

परवा मी त्याच्या खोलीवर गेलो. म्हाळसाबाईनं घोंगडं टाकलं. "या आण्णा," निंगप्पा आवाजावरून म्हणाला. "पोरं काय म्हंत्यात? नळ्या फोडत असतील लई." त्याला बसून खायचं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

"तुला दिसत नाही तर भांडी कशी धुशील?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

म्हाळसाबाई उसळली. "डोळ्यांनी कुटं धुत्यात आण्णा? मी अंधाऱ्या खात्यात सूत जोडते ते बोटांनीच की."

मी पिशवीत सहा नळ्या नेल्या होत्या, त्यातल्या दोन तडकलेल्या. काही न सांगता त्याच्या हातात दिल्या. त्यानं एकेक नळी बोटांत फिरवली, तिसरी बाजूला ठेवली, पाचवी ठेवली. सहावीपाशी थांबला, नखानं कडेला टिचकी मारली, ऐकलं आणि तीही बाजूला ठेवली. "ह्ये तापवू नगा. फुटंल, आन पोराच्या तोंडावर जाईल." सहावीतला तडा मला माझ्या धडधाकट डोळ्यांनी दिसला नव्हता.

निघताना त्यानं माझा हात धरला. "साहेब काय बोलले?"

मी म्हणालो, साहेब कामात आहेत.

आता मी खोटं बोलायचं थांबवलंय. नोकरी जाईल, जाऊ दे. अहवालातला तो शब्द मी टाइप केला, तो मी जिथं सांगाल तिथं खोडून देतो, माझ्या नावानिशी. पण निंगप्पाला सोमवारी मला जाऊन सांगायचं आहे. साहेब, त्याला कामावर घेताय की नाही? कागदावर नको, कमिटीपुढं नको. त्याच्या दारात या आणि त्याला तोंडानं सांगा. येताय का?