नऊचा आकडा

प्राचीला आपली चूक सापडली ती भर दुपारी, परदेशीपुऱ्यातल्या कारखान्यात, चहा पिता पिता. चहा तसाच राहिला.

कारखाना घरगुती ऑक्सिजन मशीन बनवायचा. लाइट गेली की मशीन बॅटरीवर चालावी म्हणून आतला रेग्युलेटर प्राचीने केला होता. त्यातली नेहमीची कॉइल बाजारात मिळेना, तेव्हा तिने दुसरी निवडली. तेवढाच आकार, मायक्रोहेन्रीतलं मापही तेवढंच, वर नऊ अँपिअर करंट झेलणारी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! कॉइलच्या माहितीपत्रकात करंटचे दोन आकडे असतात. किती करंटपर्यंत ती फार तापत नाही, हा एक. आणि किती करंटला तिचा गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि ती नुसती तार उरते, हा दुसरा. नऊ हा पहिला आकडा होता. दुसरा होता सहा, आणि मोटर सुरू होताना सात ओढायची. एसीच्या गारव्यात टेस्टिंगला कसंबसं निभावलं होतं. आता मे महिन्यात, मशीनच्या तापलेल्या डब्यात, करंट एकदम चढून मशीन बंद पडणार होती.

कारखान्याबाहेर अशी एकच मशीन गेली होती. ती प्राचीनेच हौसेने महूला पप्पांकडे नेऊन दिली होती. आनंदराव फौजेतून रिटायर झालेले, फुप्फुसं निकामी होत आलेली. आज महूला अकरापासून मेंटेनन्ससाठी लाइट बंद राहणार, हे सकाळी त्यांनीच तिला सांगितलं होतं.

तिने फोन लावला. वाजून वाजून थांबला. शेजारच्या भानुमतीकाकूंना लावला, त्याही उचलेनात.

मग तिने स्कूटर काढली. रस्ताभर नको नको ते डोळ्यांसमोर येत होतं. ती काही नवस-सायास करणाऱ्यातली नव्हती, पण सिग्नलला उभी राहून कुणाला तरी विनवत होती, की पप्पा जिवंत असू देत, बाकी काही नको.

दार उघडंच होतं. आनंदराव खुर्चीत पेपर वाचत बसले होते, नाकाला जुन्या सिलिंडरची नळी.

“अरे बेटा, तू या टाइमला कशी? फोन? तो साइलेंटवर राहून गेला असेल.”

प्राची जमिनीवरच बसली आणि रडायला लागली. इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. डोळे पुसून तिने खोलीभर पाहिलं.

“पप्पा, मशीन कुठंय?”

“भानुमतीजींना दिली ना. कालच हॉस्पिटलमधून आल्या, ऑक्सिजन लागतो, आणि मुलगा सुधाकर ड्यूटीवर गेलेला. लाइट जाणार म्हणून डरत होत्या. मी म्हटलं, बेफिकर राहा, आमच्या प्राचीने खुद्द बनवलीये.”

भिंतीपलीकडून मोटरची घरघर आली. मग टक् आणि शांतता. पुन्हा घरघर, पुन्हा टक्.

प्राची धावली. भानुमतीकाकू पलंगावर वाकून बसल्या होत्या. ओठ निळे पडलेले, नळी दोन्ही हातांनी नाकाशी दाबून धरलेली. प्राचीला पाहून त्या एकेक शब्द ओढत म्हणाल्या, “मशीन... चांगली आहे गं. मलाच... श्वास घेता येत नाही.”

मागून आनंदराव सिलिंडर ओढत आले. त्यांनी आपल्या नाकातली नळी काढून काकूंना लावली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. थोड्याच वेळात त्यांनाही धाप लागली.

प्राचीने अँब्युलन्सला फोन लावला. पत्ता सांगितला. पलीकडच्या बाईने विचारलं, “पेशंट किती?”

“दोन,” प्राची म्हणाली. “जल्दी या. सिलिंडर एकच आहे.”